रोखा, जोडप्रत आणि पिवळा दिवा

नोंद कोणाच्या हाती राहते, या प्रश्नाचा इतिहास लिहायचा झाल्यास पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागापासून आरंभ करणे उचित ठरेल. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावच्या शेतकऱ्यांनी सावकारावर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी जमाव सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. आजचे दौंडही त्याच तालुक्यात मोडत असे. दख्खनच्या या दंग्यांत जमावाचा रोख मुख्यतः माणसांवर नव्हता, कर्जरोख्यांवर होता. रोखे हाती आले की ते जाळून टाकले जात.

कागद जळाल्याने कर्ज फिटेल, ही अपेक्षा भाबडी नव्हती. रोखा सावकाराच्या पेटीत असे. लिहिणारा त्याचा, वाचणारा त्याचा. कुणब्याची त्यावर केवळ नांगराची निशाणी. १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर व्हावा असे ठरवले, ते या एकहाती मालकीला छेद देण्यासाठीच.

पुढे जमिनीची नोंदही कागदावरून यंत्रात गेली. भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्राची प्रायोगिक योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली; महाराष्ट्रातून वर्धा निवडला गेला. आज शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याचा सातबाराही अखेर कुठल्यातरी सर्व्हरच्या डिस्कवर असतो.

अशा सर्व्हरच्या दर्शनी बाजूस बहुधा कुलपाची जाळी असते. ती काढली की नियंत्रणपट्टी दिसते: चालू-बंद करण्याचे बटण, यंत्राच्या प्रकृतीचा दिवा, आणि एकसारख्या यंत्रांच्या रांगेतून नेमके हेच ओळखू यावे म्हणून लावायचा निळा दिवा. शेजारी डिस्कचे खण. प्रत्येक डिस्क एका चौकटीत बसवलेली असते. खटका दाबून मूठ ओढली की यंत्र चालू असतानाच ती बाहेर येते. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या १९८८ च्या निबंधाने ‘रेड’ ही संज्ञा या व्यवस्थेस दिली. तिच्या एका साध्या प्रकारात दोन डिस्कवर एकच मजकूर लिहिला जातो. एक निकामी झाली की तिच्यावरचा दिवा पिवळसर नारिंगी होतो; दुसरी काम चालू ठेवते. नवी डिस्क बसवली की मजकूर तिच्यावर उतरू लागतो.

धोका याच क्षणी असतो. घाईने शेजारची, म्हणजे शाबूत डिस्क ओढली, तर उरलेली एकमेव प्रतही हातची जाते. म्हणून खणाचा क्रमांक आणि दिवा पडताळल्यावाचून खटक्याला हात लावू नये, असा या कामातील दंडक आहे.

परंतु आमच्या मते याहून खोल धोका दिव्याला दिसतच नाही. खोटी नोंद झाली, तर ती दोन्ही डिस्कवर सारख्याच निष्ठेने उमटते आणि दिवे हिरवेच राहतात. पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना हे नवे नाही. एका मूळ पोथीतील चूक दहा नकलांत उतरली, म्हणून तो पाठ शुद्ध ठरत नाही; प्रतींची संख्या आणि पाठाची सत्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोडप्रत मजकुराला नाशापासून वाचवते, लबाडीपासून किंवा चुकीपासून नव्हे.

त्यासाठी वाचणारा लागतो. २०१७ साली राज्यात संगणकीकृत सातबाऱ्याचे चावडी वाचन झाले, तेव्हा यंत्रातील मजकूर गावासमोर मोठ्याने वाचावा लागला, तो या कारणाने. डिस्क शाबूत असल्याची ग्वाही दिवा देतो. बांध आपला असल्याची ग्वाही गावच देऊ शकते. सुप्याच्या जमावाने जाळलेल्या कागदांत आग लागण्यापूर्वीच एक उणीव होती: ज्याचे नाव त्यांवर होते, त्याला ते कधी वाचता आले नव्हते. सर्व्हरच्या जाळीला लावलेले कुलूप ती उणीव भरून काढत नाही.