शिरगांवचा किनारा आणि राजमुखांकित मुद्रिका

राजाचें मुख कोरलेली रत्नाची आंगठी हातीं आली, कीं ती एखाद्या मराठी राजाची मुद्रा ठरविण्याचा मोह संग्राहकांस होतो. उत्तर कोंकणांत हा मोह विशेष आवरला पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

पालघरनजीकचें शिरगांव घ्या. तेथील किल्ला चिमाजी आप्पांच्या फौजेनें १७३९ सालीं पोर्तुगीजांकडून घेतला. पेशवाईच्या अखेरीस हा प्रांत इंग्रजांकडे गेला. एकाच किनाऱ्यावर इतके अंमल झाल्यावर, केवळ सांपडण्याच्या स्थळावरून आंगठीचा धनी ठरत नाहीं.

राजमुखाची ओळख मात्र या भागास प्राचीन आहे. नाशिकनजीक जोगळटेंभी येथें १९०६ सालीं नहपानाचीं १३,००० हून अधिक मुखांकित रौप्य नाणीं निघालीं. त्यांपैकीं निम्म्याहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप मारलेला होता. सोपाऱ्याच्या स्तूपांत भगवानलाल इंद्रजी यांस १८८२ सालीं यज्ञश्री सातकर्णीचें मुखांकित रौप्य नाणें मिळालें. पुढें मोगल दरबारींही रत्नावर मुख कोरीत. शहाजहानाचें तसें एक रत्न लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयांत आहे.

मराठी राजमुद्रेची रीत निराळी. शिवछत्रपतींची मुद्रा अष्टकोनी असून तींत संस्कृत अक्षरें आहेत, मुख नाहीं. पेशव्यांच्या शिक्क्यांत आधीं छत्रपतींचें व मग प्रधानाचें नांव येतें. शिक्क्यानें अधिकार सांगावयाचा व मोर्तबानें लेखनाची सीमा दाखवावयाची. हें काम अक्षरांचें आहे, मुखानें तें साधत नाहीं.

म्हणून परीक्षा अशी करावी. कोरीव काम खोलगट असेल तर लाखेवर किंवा मेणावर ठसा घ्यावा. उठावाचें असेल तर तें बहुधा अलंकाराचें समजावें. अक्षरें रत्नावर उलटीं व ठशांत सुलटीं दिसलीं, तर ती मुद्रा. रत्नावरच सुलटीं असलीं, तर ताईत असण्याचा संभव अधिक. अकीक पाहून काळ ठरवूं नये. रतनपूरच्या खाणींतील हा दगड खंबायतेचे कारागीर शतकानुशतकें घडवीत आले आहेत.

ज्यांच्या संग्रहीं अशा आंगठ्या असतील, त्यांनीं ठसा, वजन, प्राप्तिस्थळ व पूर्वीचा धनी यांची टिपणी त्यांजबरोबर ठेवावी, आणि घरच्या दप्तरांतील शिक्क्यांशीं ठसा ताडून पाहावा. जुळणारें एक अस्सल पत्र मिळालें, तरच आंगठीस राजाचें नांव द्यावें.