वाघूरकाठची लेणी व मेजर गिल यांची स्टिरिओस्कोपी छायाचित्रे

अजिंठ्याच्या डोंगरातील वाघूर अथवा वाघोरा नदी लेण्यांच्या नालाकृती दरीतून खानदेशात उतरते व जळगाव जिल्ह्यात तापीस मिळते. त्याच जिल्ह्यात, भुसावळ येथे, मेजर रॉबर्ट गिल (१८०४–१८७९) यांची कबर आहे. मद्रास सैन्यातील या अधिकाऱ्याची लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी इ. स. १८४४ मध्ये नेमणूक झाली. पुढे त्यांनी छायाचित्रणही हाती घेतले. त्यांच्या शंभर स्टिरिओस्कोपी छायाचित्रांचा संग्रह जेम्स फर्ग्युसन यांच्या विवेचनासह १८६४ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला.

किंचित अंतरावरील दोन भिंगांनी घेतलेली दोन चित्रे एकाच वेळी एकेका डोळ्याने पाहिली असता वस्तूची खोली प्रत्ययास येते, हे स्टिरिओस्कोपचे तत्त्व होय. व्हीटस्टन यांनी ते १८३८ मध्ये मांडले. हे उपकरण युरोपात दिवाणखान्यातील करमणूक म्हणून लोकप्रिय झाले. परंतु गिल यांच्या चित्रांस केवळ करमणूक मानणे योग्य नव्हे.

फर्ग्युसन यांनी त्याच वर्षीच्या आपल्या दुसऱ्या ग्रंथाच्या नावात लेण्यांना सरसकट ‘मंदिरे’ म्हटले. वस्तुतः अजिंठ्याच्या तीस लेण्यांपैकी चैत्यगृहे पाचच. बाकीचे भिक्षूंचे विहार. ‘लयन’–‘लेण’–‘लेणे’ या परंपरेतील निवासवाचक मराठी शब्द येथे अधिक यथार्थ ठरतो. चैत्यगृहातील दोन स्तंभपंक्ती दृष्टीला स्तूपापर्यंत नेतात. विहारात स्तंभ चौरस मंडपास वेढतात व त्यांच्यामागे खोल्या असतात. हा भेद मुख्यतः खोलीच्या रचनेचा आहे. साध्या छायाचित्रात तो पुसट होतो. स्टिरिओस्कोपमध्ये स्पष्ट होतो.

गिल यांच्या बहुतेक रंगीत प्रतिकृती डिसेंबर १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत नष्ट झाल्या. जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली १८७२ पासून नव्याने झालेल्या प्रतिकृतींपैकीही अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. छायाचित्रे मात्र टिकली. ज्या रंगांसाठी गिल अजिंठ्यास आले, ते रंग त्यांत नाहीत, ही उणीव भरून निघणारी नाही. तथापि विसाव्या शतकात निजामाच्या पुरातत्त्वखात्याने लेण्यांची दुरुस्ती केली, तिच्यापूर्वीची पाषाणाची स्थिती या चित्रांत नोंदलेली आहे. मूळचे कोरीव काम कोणते व नंतरची भर कोणती, याचा निर्णय करताना अभ्यासकांनी हा पुरावा प्रथम तपासला पाहिजे.