परमुलखातील माणसाचा वकील

सुरतेच्या जुन्या तटाला जे दरवाजे होते, त्यांपैकी एकाचे नाव कतारगाम दरवाजा. तेथून बाहेर पडले की तापीच्या अंगाला कतारगामची वाट लागे. सुरती माणसाला हे नाव आठवते ते हिवाळ्यातल्या उंधियूबरोबर. त्यात कतारगामचीच पापडी हवी, असा तिकडचा हट्ट असतो. पुढे पापडीचे मळे मागे सरले आणि हिऱ्यांचे कारखाने व यंत्रमागांच्या शेडी पुढे आल्या. हिऱ्याला पैलू पाडणारा सौराष्ट्रातून आला, मागावर उभा राहणारा ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून आला, आणि सुरतेच्या कामगार वस्त्यांतून आपली खानदेशी बोलीही ऐकू येऊ लागली. अशा परगावच्या माणसाची मजुरी बुडाली तर त्याचे वकीलपत्र कोणी घ्यावे, आणि त्या वकिलाचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न या वस्तीत नित्याचा झाला आहे. परंतु सुरत जिल्ह्याला तो नवा नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याच जिल्ह्याची माणसे परमुलखात परकी म्हणून उभी होती, आणि हाच प्रश्न विचारीत होती.

तो मुलूख म्हणजे दक्षिण आफ्रिका. रांदेर, कठोर, खोलवड या गावांचे व्यापारी तेथे जाऊन स्थायिक झाले. जोहान्सबर्ग शहरातील एका इमारतीला खोलवडचेच नाव मिळाले. त्यांच्याही आधी, १८६० पासून, नाताळात गिरमिटिये मजूर पोचले होते. ते बहुतेक मद्रास इलाख्यातले व उत्तर हिंदुस्थानातले. व्यापारी आणि मजूर यांना तेथील गोरे सरकार एकाच नावाने हिणवीत असले, तरी त्या दोघांमध्ये अंतर फार होते. ते किती होते, हे पैशाच्या हिशेबावरून नेमके कळते.

१८९३ मध्ये गांधीजी एका व्यापारी पेढीच्या दाव्यासाठी तेथे गेले. दावा मिटला, परंतु १८९४ मध्ये हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेणारे विधेयक आले आणि मंडळींनी त्यांना ठेवून घेतले. सार्वजनिक कामाचा मोबदला घ्यायचा नाही, अशी त्यांची अट होती. तेव्हा सुमारे वीस व्यापाऱ्यांनी आपापले कज्जे त्यांच्याकडे सोपवून वर्षाची आगाऊ फी दिली, आणि दादा अब्दुल्लांनी घरासाठी लागणारे सामानसुमान घेऊन दिले. वकील उभा राहिला तो असा, पक्षकारांच्याच पैशावर. त्याच वर्षी नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन झाली. वर्गणी ठरली दरमहा निदान पाच शिलिंग. दादा अब्दुल्लांनी दोन पौंड घातले, गांधीजींनी एक. घरोघर हिंडून वर्गणी गोळा करण्यात लोक आपोआप संघटित होतात, ही गोष्ट त्यांना तेथेच उमगली असावी.

परंतु गिरमिटियाची मिळकत पाहा. गांधीजींनीच लिहून ठेवले आहे की, मजुराची सरासरी प्राप्ती महिना चौदा शिलिंगांच्या वर जात नसे. त्यातून पाच शिलिंग द्यायचे म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून अधिक. साहजिकच तो बाहेर राहिला. मालकाने दात पाडलेला बालसुंदरम् रक्तबंबाळ होऊन गांधीजींच्या कचेरीत आला. त्याला दुसऱ्या मालकाकडे बदलून मिळाले, आणि ती बातमी मजुरांत पसरली. तरी तो आला पक्षकार म्हणून. सभासद म्हणून नव्हे. पुढे १८९५ च्या कायद्याने गिरमिट संपलेल्या मजुरावर वर्षाला तीन पौंडांचा कर बसला. काँग्रेसने त्याविरुद्ध अर्ज केले, आवाज उठवला. पण कर उठला नाही.

दुसरा खडतर प्रसंग ट्रान्सवालचा. १९०७ च्या नोंदणी कायद्याने प्रत्येक आशियाई माणसाला बोटांचे ठसे देऊन परवाना बाळगणे भाग पाडले. त्या वर्षीच्या डिसेंबरात तापीच्या काठी काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. २७ तारखेला ते उधळले गेले. मंडपात फेकल्या गेलेल्या जोड्याची गोष्ट आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. पण त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २८ डिसेंबरला, जोहान्सबर्गच्या न्यायालयाने गांधीजींना अठ्ठेचाळीस तासांत ट्रान्सवाल सोडण्याचा हुकूम दिला, ही गोष्ट सहसा कोणी तिच्या शेजारी ठेवून सांगत नाही.

लढा लांबला तशी व्यापाऱ्यांची शक्ती सरली. संस्थेचे अध्यक्ष अहमद महंमद काछलिया यांच्याकडे गोऱ्या घेणेकऱ्यांनी एकदम तगादा लावला. काछलियांनी दिवाळे पत्करले, चळवळ सोडली नाही. घेणेकऱ्यांची पै न पै पुढे फिटली. पण सर्वांचीच छाती एवढी नसते. १९०९ मध्ये हेन्री पोलाक यांना हिंदुस्थानात पाठवण्यात आले. त्यांच्या पाठीशी गोपाळ कृष्ण गोखले उभे राहिले, आणि मुंबईचे रतन टाटा यांनी पंचवीस हजार रुपये दिले. पुढे त्यांची देणगी सव्वा लाखावर गेली. टाटा हे काही बंडखोर गृहस्थ नव्हते. १९१६ मध्ये सरकारने त्यांना ‘सर’ केले. जाणूनबुजून कायदा मोडून तुरुंगात जाणाऱ्यांसाठी अशा माणसाने थैली सोडावी, याचे श्रेय मी गोखल्यांच्या शब्दाला देतो. गोखले मध्ये आहेत म्हणजे पैसा वाया जाणार नाही, एवढा तो शब्द वजनदार होता.

पैसा गेला कोठे? जोहान्सबर्ग व लंडन येथील कचेऱ्या चालवण्यात, ‘इंडियन ओपिनियन’ हे पत्र जिवंत ठेवण्यात, आणि तुरुंगात गेलेल्यांच्या कुटुंबांना पोसण्यात. गांधीजी खर्चाचा तपशील गोखल्यांना व टाटांना कळवीत. कुटुंबांना दरमहा रोकड देणे परवडेना, तेव्हा १९१० मध्ये कॅलनबाख यांनी आपली अकराशे एकर जमीन विनामूल्य दिली आणि तेथे टॉलस्टॉय फार्म वसला.

१९१२ च्या ऑक्टोबरात गोखले स्वतः आफ्रिकेत गेले. तेथे कोकणी मुसलमान व महाराष्ट्रीय हिंदू यांची वस्ती होती. त्यांच्यापुढे मराठीतच बोलावे, असा गांधीजींनी आग्रह धरला आणि भाषांतराचे काम स्वतःकडे घेतले. गांधीजींचे मराठी केवढे, यावर गोखल्यांनी थट्टा केली. पण बोलले ते मराठीत. तीन पौंडांचा कर जाणार, असे आश्वासन मंत्र्यांकडून मिळाल्याचे समजून ते परतले. आश्वासन पाळले गेले नाही.

तेव्हा गोखल्यांनी विचारले की, लढणारे किती? गांधीजींनी आकडा कळवला: फार तर पासष्ट-सहासष्ट, थोडे म्हणजे सोळा; आणि इतक्या थोड्यांसाठी हिंदुस्थानातून पैशाची अपेक्षा नाही, असेही कळवले. तो आकडा वर्गणीदारांतून आलेला होता. १९१३ च्या ऑक्टोबरात न्यूकॅसलच्या कोळसा खाणींतले गिरमिटिये संपावर गेले आणि तो हिशेब कोलमडला. ६ नोव्हेंबरला चार्ल्सटाउनहून निघालेल्या मोर्च्यात २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया व ५७ मुले होती. माणशी रोज दीड रत्तल पाव आणि औंसभर साखर. इकडे गोखले प्रकृती खालावलेली असताना निधीसाठी झटत होते. १९१४ च्या कायद्याने तीन पौंडांचा कर गेला आणि हिंदी विवाहांना मान्यता मिळाली; व्यापाराची व जमिनीची बंधने मात्र उरली.

एकोणीस वर्षे अर्ज-विनंत्यांना न हललेला कर हलला, तो वर्गणीच्या वहीत ज्यांचे नाव नव्हते त्यांच्या पायांनी. टाटांच्या देणगीचे मोल मला कमी करायचे नाही. तिच्यावाचून कचेरी, पत्र व कुटुंबे टिकली नसती, आणि खाणमजूर निघाले तेव्हा त्यांना हाताशी धरणारे कोणी उरले नसते. मात्र थैलीने लढा टिकवला. लढणारे वाढवले नाहीत.

श्रोते हो, आजच्या कतारगामात हा फरक कामाचा आहे. परप्रांतीय कामगारांसाठी १९७९ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. त्याची जागा २०२० च्या संहितेने घेतली आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. पूर्वी पाच परप्रांतीय कामगार असले की कायदा लागू होई. आता दहा लागतात. लहान शेडीला ही पळवाट पुरेशी आहे. सुरतेत ‘आजीविका ब्यूरो’सारख्या संस्था मजुरांना कायद्याची मदत देतात. अशा संस्था मुख्यतः दूरच्या देणगीदारांच्या पैशावर चालतात, आणि देणगीला मुदत असते. खटल्याला ती नसते. मीटरवर मजुरी घेणाऱ्या विणकराजवळ बहुधा नेमणुकीचा कागद नसतो, हजेरीपुस्तकात नाव नसते. आपण या मागावर होतो, हेच त्याला प्रथम सिद्ध करावे लागते. त्यासाठी शेजारच्या मागावरचा माणूस साक्षीला यावा लागतो. तारीख पडते तेव्हा पुष्कळदा फिर्यादी आणि साक्षीदार दोघेही गंजामला गेलेले असतात.