पथ्य आणि पाळी

आम्ही वैद्य नव्हे, पंडितही नव्हे. कामगारांच्या तक्रारी लिहिता लिहिता जे वाचले, तेवढेच आमचे शिक्षण. रात्रपाळीच्या माणसांची एक तक्रार आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो : “जेवतो पोटभर, पण अंगी लागत नाही.” या तक्रारीचे एक कारण आम्हांला चरकसंहितेत सापडले.

ही संहिता इसवी सनाच्या आगेमागे आकाराला आली आणि पुढे दृढबलाने ती पुरी केली. रोगांची आश्रयस्थाने दोन, शरीर आणि मन, असे तिच्यात सांगितले आहे. विमानस्थानात तर स्पष्टच आहे की, पथ्याचे अन्न मापात खाल्ले तरी चिंता, शोक, भय, क्रोध, गैरसोयीचे अंथरूण आणि जागरण यांमुळे ते पचत नाही. भयाने व शोकाने होणारा अतिसार तिने वेगळा मोजला. त्यावर मन प्रसन्न करणे आणि धीर देणे हेही उपचार सांगितले. अहिताकडे धावणारे मन आवरण्याला तिने सत्त्वावजय असे नाव दिले. त्रिदोषांची मांडणी आजच्या शरीरशास्त्रात नाही. पण मेंदूचा आणि आतड्यांचा मज्जातंतूंनी संबंध आहे, हे तेही सांगते.

आता आमचा प्रश्न असा की, ज्याच्या मागे चिंता सावकाराने लावली आणि जागरण पाळीने, त्याने मन आवरावे तरी किती? चरकाने लोभ, भय, क्रोध यांचे वेग आवरायला सांगितले. पण भूक, तहान, झोप, मूत्र, अश्रू, श्रमाने लागलेली धाप असे १३ वेग मुळीच अडवू नयेत, असेही बजावले. मुंबईच्या गिरण्यांत यांतले कितीतरी वेग भोंग्याच्या धाकाने अडत होते.

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज केला. आठवड्याची सुटी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती, या त्यातल्या दोन मागण्या. १८९१ च्या कारखाना कायद्याने त्या दोन्ही मान्य केल्या. स्वस्थपणे चार घास खाण्याचे वैद्याचे पथ्य गिरणीतल्या माणसाला पाळता येऊ लागले, ते या अर्ध्या तासामुळे.

म्हणून आमची वैद्यमंडळींना एवढीच विनंती आहे : अन्न अंगी लागत नाही म्हणणारा दारी आला, तर नाडी पाहताना त्याची पाळी कोणती, हेही विचारावे.