पाणचक्की आणि घरचे जाते

पहाटेची जात्याची घरघर ज्यांनी ऐकली आहे, त्यांना दळणाचे कष्ट निराळे सांगावयास नकोत. हे कष्ट वाहत्या पाण्याकडून करवून घेण्याची युक्ती मनुष्यास सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच साधली. परंतु यंत्राने हात मोकळे झाले म्हणजे माणूसही मोकळा होतोच, असे नाही. मध्ययुगीन इंग्लंडमधील पाणचक्क्यांचा इतिहास याची साक्ष देतो.

राजा पहिला विल्यम याने १०८६ साली आपल्या राज्याची पाहणी करविली. ‘डूम्सडे बुक’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या दप्तरात सुमारे ६,००० चक्क्यांची नोंद आढळते. पवनचक्की त्या देशात अद्याप यावयाची होती. तेव्हा या बहुतेक पाणचक्क्याच होत. ओढ्याला बांध घालून पाणी पाटाने आणीत. त्याच्या जोराने उभे चाक फिरे आणि लाकडी दात्यांच्या चाकांमार्फत ती गती जात्याच्या वरच्या दगडास मिळे. खालचा दगड स्थिर असे. काही चक्क्यांचा खंड तर वाम माशांच्या रूपाने भरला जाई!

चक्की उभारणे खर्चाचे काम. ते जमीनदाराने किंवा मठाने करावे आणि कुळांनी आपले धान्य तेथेच दळावे, असा दंडक पडला. दळणावळीपोटी कोठे सोळावा, कोठे चोविसावा हिस्सा धान्य कापून घेत. घरी जाते फिरविणाऱ्यास दंड होई. चक्कीवाल्याच्या मापाविषयी लोकांना किती संशय असे, हे चौदाव्या शतकातील कवी चॉसर याने रंगविलेल्या चक्कीवाल्यावरून दिसते.

लंडनच्या उत्तरेस सेंट ऑल्बन्स या गावी हा झगडा विकोपास गेला. तेथील रहिवाशांनी घरोघर जाती बसविली होती. १३३१ च्या सुमारास मठाधिपती रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड याने ती जप्त केली आणि त्यांचे दगड मठाच्या बैठकीच्या दालनात फरशीसारखे बसविले. हा रिचर्ड ज्योतिषी होता. त्याचे खगोलीय घड्याळ विख्यात आहे. दात्यांच्या चाकांचे मर्म जाणणाऱ्या या विद्वानास जात्यामागचे मन मात्र उमगले नाही.

पन्नास वर्षे लोक ती फरशी विसरले नाहीत. १३८१ साली शेतकऱ्यांचे बंड उसळले, तेव्हा त्यांनी मठात शिरून ते दगड उखडले, फोडले आणि तुकडे आपसांत वाटून घेतले. चर्चमध्ये प्रसादाची भाकर वाटावी तसे ते वाटले गेले, असे मठाच्या बखरकाराने नमूद केले आहे.

बंड लवकरच मोडले गेले. चक्कीचा हक्क मागाहून ठिकठिकाणी ढिला पडला, तरी यॉर्कशरमधील काही गावांत तो एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकला. त्याच शतकाच्या अखेरीस बंदरांतून वाफेवरील पोलादी रुळांच्या गिरण्या निघाल्या आणि ओढ्याकाठची चाके एकामागून एक थांबली.

फुटलेल्या दगडाच्या तुकड्याने पसाभर धान्यही दळले जाणार नव्हते. तरीही लोकांनी तो जपून घरी नेला. कारण त्यांना हवे होते ते केवळ पीठ नव्हते, आपले धान्य आपल्या घरी दळण्याची मोकळीक हवी होती.