परिसेविका ते अधिसेविका : परिचर्या प्रशासनाचे पदव्युत्तर शिक्षण

छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय मराठवाड्यात 'घाटी' या एकाच शब्दाने ओळखले जाते. महाविद्यालय १९५६ मध्ये सुरू झाले; आज रुग्णालयात हजाराहून अधिक खाटा आहेत. डॉक्टर फेरी घेऊन पुढे जातात, कक्ष चोवीस तास चालतो तो परिचारिकांच्या बळावर.

शासकीय सेवेत अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका आणि अधिसेविका (सर्वांच्या तोंडी 'मेट्रन') अशा चढत्या पायऱ्या आहेत. वर चढताना मात्र कामाचे स्वरूपच पालटते. शीर शोधण्यात वाकबगार असलेल्या सिस्टरच्या हाती हजेरीपट, औषधसाठा, पाळ्यांचे वेळापत्रक आणि नातेवाइकांचे रोष येतात.

हे गणित सोपे नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात तीन रुग्णांमागे एक, म्हणजे प्रत्येक पाळीत नऊ रुग्णांमागे एक परिचारिका हवी. शिवाय रजेसाठी ३० टक्के राखीव. ३६ खाटांच्या कक्षाला १२ आणि राखीव धरून सुमारे १६ परिचारिका लागतात. पाळीला चार जणी हव्या असताना दोघीच हजर असतील, तर कोणाला कोणत्या रुग्णापाशी ठेवायचे, हा निर्णय परिसेविकेचा. तो चुकला तर किंमत रुग्ण मोजतो.

या कामाचे पद्धतशीर शिक्षण एम.एस्सी. नर्सिंगमध्ये मिळते. अभ्यासक्रम दोन वर्षांचा व पूर्णवेळ आहे. बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगला किमान ५५ टक्के गुण, परिषदेकडील नोंदणी आणि एक वर्षाचा अनुभव या प्रमुख अटी. दुसऱ्या वर्षात 'परिचर्या व्यवस्थापन' या विषयाला १५० तास तात्त्विक आणि १५० तास प्रात्यक्षिक दिले आहेत. मनुष्यबळ नियोजन, अंदाजपत्रक, पर्यवेक्षण, आपत्ती व्यवस्थापन हे त्यातील घटक.

तरीही विशेषीकरणे पाचच : वैद्यकीय-शल्य, प्रसूती व स्त्रीरोग, बालरोग, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य. प्रशासन हे त्यात स्वतंत्र विशेषीकरण नाही. पदवी घेतलेल्या अनेक जणी अध्यापनाकडे वळतात आणि कक्षाला त्यांचा लाभ होत नाही, ही खरी उणीव. गंमत म्हणजे देशात प्रशासनाचे शिक्षण पदवीआधी आले. दिल्लीत १९४३ मध्ये परिचर्या प्रशासन विद्यालय निघाले, १९४६ मध्ये त्याचेच नर्सिंग महाविद्यालय झाले आणि तेथेच १९५९ मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ चे.

केवळ व्यवस्थापनाकडे ओढा असणाऱ्यांसाठी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा रुग्णालय प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. नोकरी सोडणे शक्य नसल्यास इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची रुग्णालय व आरोग्य व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका दूरशिक्षणाने करता येते. मध्यमवयात, मुलांच्या शाळा सांभाळून शिकणाऱ्या परिचारिकेला ही वाट अधिक जवळची. ही पदविका एम.एस्सी.ची जागा मात्र घेत नाही; महाविद्यालयातील प्राध्यापक श्रेणीच्या पदांसाठी एम.एस्सी. लागतेच.

प्रवेशापूर्वी महाविद्यालयाची महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्नता, अथवा ते अभिमत विद्यापीठाचे असल्यास त्याची मान्यता, पडताळून घ्यावी. १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा संमत केला आहे. त्यामुळे पात्रतेचे ताजे नियमही त्याच वेळी पाहावेत.