आज्ञा, पोच आणि उत्तर
पॉवर सप्लाय संगणकाच्या हाती कसा गेला?

ओहमच्या नियमाचा प्रयोग आपण सर्वांनीच केला आहे. पॉवर सप्लायचे बटण किंचित फिरवायचे, काटा स्थिर झाला की आकडा वहीत लिहायचा आणि पुन्हा बटण फिरवायचे. दहा नोंदींसाठी हे ठीक आहे. पण कारखान्यात रोज शेकडो भाग तपासायचे असतील तर? माणूस कंटाळतो, चुकतो. म्हणून बटण फिरवण्याचे काम यंत्राकडे सोपवण्याची गरज निर्माण झाली.

संगणकाआधीचा उपाय साधा होता. बटणाच्या मागे असतो एक बदलता रोध. त्याऐवजी बाहेरून दुसरा रोध जोडता यावा, अशी सोय अनेक पॉवर सप्लायच्या मागील बाजूस असे. रोध वाढवला की विभवांतर वाढे. याला 'रेझिस्टन्स प्रोग्रॅमिंग' म्हणत. मात्र ही आज्ञा एकतर्फी होती. ती पाळली गेली की नाही, हे सांगणारे कोणी नसे. जोडणीची तार मध्येच सुटली तर रोध जणू अनंत होई आणि काही सप्लायमध्ये विभवांतर ठरलेल्या मर्यादेपलीकडे उसळे!

पुढचे पाऊल अमेरिकेतील ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने टाकले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिने आपली मापनयंत्रे संगणकाला जोडण्यासाठी एक समाईक तारमार्ग विकसित केला. १९७५ मध्ये तो 'आय-ट्रिपल-ई ४८८' या नावाने मानक झाला. प्रयोगशाळांत तो 'जीपीआयबी' म्हणून ओळखला जातो. एका मार्गावर संगणक धरून १५ उपकरणे जोडता येत. केबलची एकूण लांबी २० मीटरपर्यंत चाले. प्रत्येक उपकरणाला घरक्रमांकासारखा एक क्रमांक दिलेला असे.

या मार्गात संदेशवहनाच्या १६ तारा होत्या. त्यांपैकी ८ तारांवरून माहिती जाई, ५ तारा व्यवस्थापनासाठी असत आणि उरलेल्या ३ तारा पोच घेण्यासाठी. खरी गंमत या तीन तारांत आहे. वर्गात आपण श्रुतलेखन घेतो तेव्हा काय करतो? सगळ्यांच्या पेन्सिली तयार आहेत का ते पाहतो, शब्द उच्चारतो आणि सर्वांचे लिहून होईपर्यंत थांबतो. इथेही तसेच. एक तार सांगते, 'अजून तयारी नाही'. दुसरी सांगते, 'आता शब्द घ्या'. तिसरी सांगते, 'अजून घेतला नाही'. ऐकणाऱ्यांपैकी एकानेही 'थांबा' म्हटले तर सगळे थांबतात. म्हणजे सर्वांत संथ ऐकणारा वेग ठरवतो, पण कोणाचाही शब्द गळत नाही.

शब्द पोचू लागले, तरी भाषा एक नव्हती. प्रत्येक कंपनीच्या आज्ञा वेगळ्या. उपकरण बदलले की संगणकातील आज्ञावली नव्याने लिहावी लागे. १९८७ मध्ये 'आय-ट्रिपल-ई ४८८.२' या मानकाने 'तू कोण आहेस?' यासारखे काही प्रश्न सर्वांसाठी सारखे केले. १९९० मध्ये अनेक उत्पादकांनी मिळून 'स्कपी' ही आज्ञांची सामाईक भाषा ठरवली. तिच्यात 'व्होल्ट ५' अशी आज्ञा दिली की सप्लायचे विभवांतर ५ व्होल्टवर ठरवले जाते. पुढे जीपीआयबीच्या जाड केबलशेजारी यूएसबी आणि संगणकजाळ्याच्या तारा आल्या, पण भाषा बरीचशी तीच राहिली.

या भाषेत शिक्षकांनी मुद्दाम दाखवावा असा एक बारकावा आहे. समजा, आपण ५ व्होल्ट ठरवले, विद्युतधारेची मर्यादा ०.१ अँपिअर ठेवली आणि १० ओहमचा रोध जोडला. ५ व्होल्टसाठी ०.५ अँपिअर धारा लागेल. मर्यादा तेवढी नाही. म्हणून सप्लाय धारा ०.१ अँपिअरवर रोखतो आणि विभवांतर १ व्होल्टवर उतरते. आता संगणकाने 'व्होल्ट?' असे विचारले तर उत्तर येते ५. 'मेझर व्होल्ट?' असे विचारले तर येते १. सप्लाय खोटे बोललेला नाही. पहिला प्रश्न 'काय ठरवले आहे?' असा होता, दुसरा 'प्रत्यक्षात काय आहे?' असा. पहिल्याच उत्तरावरून आलेख काढणारा विद्यार्थी स्वतःच्या आज्ञेचा प्रतिध्वनी निरीक्षण म्हणून वहीत उतरवतो.

हाताने बटण फिरवताना ही चूक सहसा होत नसे, कारण डोळा काट्यावर असे. संगणक आला की डोळा पडद्यावर जातो. म्हणून तीन सवयी लावाव्यात. आधी धारेची मर्यादा ठरवावी, मगच विभवांतर चालू करावे. प्रत्येक आज्ञेनंतर मोजलेले मूल्य विचारावे. आणि संगणक मध्येच बंद पडला तरी सप्लाय बहुधा शेवटची आज्ञा पाळत राहतो, हे ध्यानात ठेवून त्याचे बटण हाताशी असू द्यावे.

हा अनुभव शाळेत देणे आज अवघड नाही. नवी दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरच्या फिनिक्स प्रकल्पातून 'एक्सपआईज' हा छोटा संच तयार झाला. त्याच्या 'एक्सपआईज-१७' या आवृत्तीत संगणकाच्या आज्ञेने उणे ५ ते अधिक ५ व्होल्ट विभवांतर देता येते आणि मोजताही येते. मोठी धारा त्यातून मिळत नाही, पण एलईडी आणि रोध यांच्या जोडणीचा आलेख काढायला तो पुरतो. असा आलेख मुलांनी काढला की त्यांना एकच प्रश्न विचारा : यातला कोणता आकडा तुम्ही ठरवलात आणि कोणता निसर्गाने दिला?